वृत्तपत्रस्वातंत्र्य व राष्ट्रीय सुरक्षितता

वृत्तपत्रस्वातंत्र्य व राष्ट्रीय सुरक्षितता : राज्यसंस्थेला आपल्या संरक्षणासाठी काही माहिती गुप्त ठेवणे भाग पडते, तर लोकसत्ताक राज्यात सत्तेचा वापर कसा होतो, हे जाणण्याचा अधिकार नागरिकांना असतो आणि तो बहुतांशी वृत्तपत्रांच्या द्वाराच बजावला जातो. या दोन गरजांमधून उद्‌भवणारा संघर्ष हा आधुनिक राज्यशास्त्रातील व संविधानविधीतील एक जुना प्रश्न आहे. सैन्याच्या हालचाली, सांकेतिक लिपी, हेरांची नावे किंवा शस्त्रास्त्रांचे आराखडे प्रसिद्ध होऊ नयेत, याबद्दल सहसा दुमत आढळत नाही. वाद निर्माण होतो तो त्यांच्या पलीकडील विस्तीर्ण क्षेत्राविषयी. युद्धातील पराभवाची कारणे, शस्त्रखरेदीतील व्यवहार, दंगलीच्या वेळी पोलिसांनी केलेले वर्तन, सरकारी धोरणावरील कडक टीका या गोष्टींनाही सुरक्षिततेचे आवरण घालण्याची प्रवृत्ती सर्व प्रकारच्या शासनांत दिसून येते. म्हणून सुरक्षितता म्हणजे नेमके काय, ती धोक्यात आली हे कोणी ठरवावयाचे आणि ठरविणाऱ्याने आपली कारणे न्यायालयापुढे मांडावयाची किंवा नाही, या मुद्द्यांभोवतीच या विषयाचा इतिहास फिरत राहिला आहे.

इंग्लंडमध्ये मुद्रणासाठी परवाना आवश्यक करणारा कायदा १६९५ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर तेथे असा सिद्धांत रूढ झाला, की मजकूर छापण्यापूर्वी सरकारने अडवू नये. मात्र छापल्यानंतर त्यातून गुन्हा घडल्यास शिक्षा करावी. ब्लॅकस्टन या विधिज्ञाने अठराव्या शतकात हाच सिद्धांत मांडला. भारतात आलेले इंग्रज शासक या सिद्धांताशी परिचित होते. तथापि जिंकलेल्या प्रदेशात तो लागू करावा की नाही, याविषयी त्यांच्यात एकमत नव्हते.

कंपनी सरकारचा काळ : भारतातील पहिले वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात सुरू केले आणि गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जशी झालेल्या कलहामुळे १७८२ मध्ये त्याचे मुद्रणालय जप्त झाले. या कलहात वैयक्तिक बदनामीचा भाग मोठा होता. राज्याच्या सुरक्षिततेच्या नावाखाली पहिले सर्वसाधारण निर्बंध लादण्यात आले ते मे १७९९ मध्ये. टिपू सुलतानाविरुद्धचे युद्ध नुकतेच संपत आले होते आणि फ्रेंचांच्या कारवायांची धास्ती सरकारला होती. लॉर्ड वेलस्लीने काढलेल्या नियमांनुसार प्रत्येक अंकावर मुद्रकाचे नाव छापणे आवश्यक ठरले आणि सरकारी सचिवाने आधी पाहिल्याशिवाय कोणताही अंक प्रसिद्ध करण्यास मनाई झाली. नियम मोडणाऱ्या संपादकाची रवानगी सरळ यूरोपात होत असे. युद्ध संपले, टिपूही गेला. पण नियम १८१८ पर्यंत चालू राहिले. संकट ओसरल्यावरही संकटकालीन निर्बंध मागे रेंगाळतात, याचे भारतातील हे पहिले ठळक उदाहरण होय.

मुद्रणपूर्व तपासणी रद्द झाल्यानंतर पाचच वर्षांनी, १८२३ मध्ये, परवाना पद्धती सुरू झाली. तिच्या निषेधार्थ राजा राममोहन रॉय यांनी आपले मिरात-उल्-अखबार हे फार्सी पत्र बंद केले. मुंबई इलाख्यातही १८२५ व १८२७ मध्ये तसेच नियम करण्यात आले. बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण (१८३२) हे पहिले मराठी वृत्तपत्र याच नियमांच्या अमलात निघाले. सर चार्ल्स मेटकाफने १८३५ च्या अधिनियमाने बंगाल व मुंबई या दोन्ही इलाख्यांतील परवाना पद्धती मोडीत काढली. १८५७ चा उठाव होताच लॉर्ड कॅनिंगने जून महिन्यात परवाना पद्धती पुन्हा आणली. मात्र तिची मुदत एक वर्षाचीच होती आणि ती इंग्रजी व देशी पत्रांना सारखीच लागू होती. मुदत संपताच तो कायदा खरोखरच संपला, ही बाब नोंदण्यासारखी आहे. नंतरच्या कायद्यांबाबत असे क्वचितच घडले.

राजद्रोहाचे कलम व टिळकांवरील खटले : भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये कलम १२४-अ समाविष्ट करण्यात आले. सरकारविषयी ‘अप्रीती’ उत्पन्न करणे हा या कलमान्वये गुन्हा ठरला. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा एकाच बैठकीत संमत करून घेतला. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून हमीपत्र घ्यावे, ते न पाळल्यास मुद्रणसाहित्य जप्त करावे आणि त्याविरुद्ध न्यायालयात अपील चालू नये, अशी त्यात तरतूद होती. रशिया-तुर्कस्तान युद्ध व देशातील भीषण दुष्काळ यांविषयी देशी पत्रांतून येणारा मजकूर सरकारला सलत होता. अमृत बझार पत्रिका या बंगाली पत्राने रातोरात इंग्रजी रूप धारण करून या कायद्यातील भाषाभेदच उघडा पाडला. लॉर्ड रिपनच्या कारकीर्दीत, १८८२ मध्ये, तो रद्द झाला.

कलम १२४-अ मात्र कायम राहिले आणि त्याचा खरा अर्थ ठरला तो मुंबईच्या उच्च न्यायालयात. पुण्यात प्लेगनिवारणाच्या निमित्ताने सैनिकांकडून झालेल्या घरझडत्यांमुळे जनतेत तीव्र क्षोभ निर्माण झाला होता. केसरीच्या १५ जून १८९७ च्या अंकात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत व त्या प्रसंगाला अनुसरून एक कविता प्रसिद्ध झाली. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली. केसरीतील मजकूर व हत्या यांचा प्रत्यक्ष संबंध सिद्ध करण्याचा प्रयत्न सरकारपक्षाने केला नाही. तरी आठवड्याभराच्या अंतराची छाया सबंध खटल्यावर पडलेली होती. न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला कायदा समजावून सांगताना ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ केला. हा अर्थ मान्य केल्यास सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक लेखक गुन्हेगार ठरू शकतो. नऊ सदस्यांच्या ज्यूरीतील सहा यूरोपीयांनी टिळकांना दोषी व तिघा भारतीयांनी निर्दोष ठरविले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलकडे अपिलाची अनुमती मागण्यासाठी पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले ॲस्क्विथ उभे राहिले. परंतु ती मिळाली नाही. १८९८ मध्ये या कलमात दुरुस्ती होऊन द्वेष व तुच्छता या शब्दांची भर पडली. त्याच वेळी कलम १५३-अ हेही संहितेत आले.

दुसरा खटला १९०८ चा. मुझफ्फरपूर येथे ३० एप्रिल रोजी झालेल्या बाँबस्फोटात दोन इंग्रज स्त्रिया बळी पडल्या. सरकारने ८ जून रोजी वृत्तपत्रांतील चिथावणीविरुद्ध नवा कायदा केला आणि त्याचबरोबर जुन्या कलमाचाही उपयोग सुरू केला. काळ या पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. टिळकांवर ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे) व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून) या केसरीतील अग्रलेखांबद्दल आरोप ठेवण्यात आले. बाँब हा दडपशाहीचा परिणाम आहे व दडपशाहीचे उपाय त्यावर चालणार नाहीत, असे प्रतिपादन त्यांत होते. टिळकांनी आपला बचाव स्वतःच, सुमारे एकवीस तास भाषण करून, केला. त्यातील मोठा भाग भाषांतराच्या चिकित्सेचा होता. ज्यूरीत सात यूरोपीय व दोन पारशी होते. मराठी न जाणणाऱ्या माणसांनी मराठी लेखाचा मराठी वाचकांवर काय परिणाम होईल हे ठरवावयाचे, ही त्या खटल्यातील मूलभूत विसंगती होती आणि टिळकांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले. न्या. दिनशा दावर यांनी २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा दिली. याच दावरांनी १८९७ मध्ये टिळकांचे वकील म्हणून त्यांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा हरताळ पाळला. ज्या शांततेच्या रक्षणासाठी खटला भरण्यात आला, ती त्याच्या निकालानेच भंगली.

खटल्यांना वेळ लागतो व त्यांमुळे आरोपीची लोकप्रियता वाढते, हे ध्यानी घेऊन सरकारने १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने आर्थिक मार्ग पत्करला. मुद्रणालयाच्या मालकाकडून जामीन म्हणून रोख रक्कम घ्यावयाची आणि आक्षेपार्ह मजकूर आल्यास ती जप्त करावयाची, ही पद्धती तुरुंगापेक्षा परिणामकारक ठरली; कारण संपादक तुरुंगात जाण्यास तयार असला, तरी मुद्रणालयाचा मालक भांडवल गमावण्यास तयार असेलच असे नाही. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. तथापि सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३१ मध्ये, तीच पद्धती नव्या नावाने परत आली. पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने झालेल्या भारत संरक्षण नियमांचा वापर करून बाँबे क्रॉनिकलचे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना एप्रिल १९१९ मध्ये इंग्लंडला धाडण्यात आले. युद्ध त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९१८ मध्ये, थांबले होते.

दुसऱ्या महायुद्धात वेगळा प्रयोग झाला. सरकारने काढलेल्या मनाई हुकुमाला तोंड देण्यासाठी संपादक एकत्र आले व नोव्हेंबर १९४० मध्ये अखिल भारतीय वृत्तपत्र संपादक परिषद स्थापन झाली. सरकार व संपादक यांच्या संयुक्त सल्लागार समित्यांनी युद्धविषयक मजकुराबाबत मार्गदर्शन करावे, अशी तडजोड ठरली. इंग्लंडमध्ये १९१२ पासून संरक्षणविषयक सूचनांची जी ऐच्छिक पद्धती आहे, तिच्याशी या व्यवस्थेचे साम्य होते. लष्करी बातम्यांपुरती ती बरी चालली; परंतु ऑगस्ट १९४२ च्या आंदोलनात, सरकारला लष्करी गुपितांपेक्षा राजकीय बातम्यांचीच अधिक भीती वाटू लागली, तेव्हा ती कोलमडली. गांधीजींच्या हरिजनसह अनेक पत्रे बंद पडली. याच वर्षी फेडरल न्यायालयाचे सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी सार्वजनिक अशांततेचा संभव हाच राजद्रोहाचा गाभा असल्याचा निर्णय दिला. मुंबई इलाख्यातून गेलेल्या सदाशिव नारायण भालेराव खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये तो अमान्य करून टिळकांच्या खटल्यातील व्यापक अर्थच उचलून धरला. स्वतंत्र भारताला राजद्रोहाचे कलम मिळाले ते या अर्थासह.

संविधान व पहिली दुरुस्ती : संविधान सभेपुढील मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरील अपवादांमध्ये राजद्रोह हा शब्द होता. डिसेंबर १९४८ मध्ये क. मा. मुनशी यांच्या दुरुस्तीनुसार तो वगळण्यात आला. संमत झालेल्या अनुच्छेद १९(२) मध्ये राज्याच्या सुरक्षिततेला बाध आणणारे किंवा राज्य उलथून पाडण्याकडे झुकणारे लेखन एवढाच अपवाद या संदर्भात राहिला. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख मात्र संविधानात नाही. ते नागरिकाच्या भाषण व अभिव्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत मानले जाते.

या शब्दयोजनेची कसोटी लवकरच लागली. मुंबईहून निघणाऱ्या क्रॉसरोड्स या साम्यवादी विचारांच्या इंग्रजी साप्ताहिकाला मद्रास सरकारने मार्च १९५० मध्ये त्या राज्यात प्रवेशबंदी केली. तर दिल्लीच्या ऑर्गनायझर या साप्ताहिकाला मजकूर आधी तपासून घेण्याचा हुकूम तेथील मुख्य आयुक्ताने दिला. विचाराने परस्परांच्या टोकाला असलेल्या या दोन पत्रांचे अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २६ मे १९५० रोजी एकाच दिवशी मान्य केले. न्या. पतंजली शास्त्री यांनी बहुमताचा निर्णय देताना राज्याची सुरक्षितता व सार्वजनिक सुव्यवस्था यांत स्पष्ट भेद केला. प्रत्येक शांतताभंगाने राज्याचा पाया हादरत नाही. म्हणून केवळ सुव्यवस्थेसाठी वृत्तपत्रावर बंदी घालणारा कायदा संविधानाच्या चौकटीबाहेर जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते. न्या. फझल अली यांनी भिन्न मतपत्रिका जोडली; लहान अशांततेतूनच मोठे संकट उभे राहू शकते, हा त्यांच्या मताचा आशय होता. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत हे मत अगदीच निराधार म्हणता येत नाही.

सरकारने निर्णयाला उत्तर दिले ते संविधानात दुरुस्ती करून. जून १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय राज्यांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधास चिथावणी हे तीन नवे अपवाद अनुच्छेद १९(२) मध्ये घातले गेले आणि ते प्रारंभापासूनच अस्तित्वात होते, असे मानण्यात आले. हंगामी संसदेत पंतप्रधान नेहरू व विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दुरुस्तीचे समर्थन केले. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी कडाडून विरोध केला. मूळ विधेयकात निर्बंधांना ‘वाजवी’ हे विशेषण नव्हते. ते प्रवर समितीत जोडले गेले. पुढील काळात न्यायालयांना सरकारी निर्बंधांची जी छाननी करता आली, ती या एका शब्दामुळे. याच वर्षी आक्षेपार्ह मजकुराविषयी एक वृत्तपत्र कायदाही करण्यात आला. त्याची मुदत १९५६ मध्ये संपली. १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने भारताची सार्वभौमता व एकात्मता या अपवादाची भर घातली.

सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात कलम १२४-अ वैध ठरविले. परंतु हिंसा अथवा सार्वजनिक अव्यवस्था निर्माण करण्याचा हेतू किंवा कल असेल तरच ते लागू होईल, अशी मर्यादा घातली. प्रिव्ही कौन्सिलने नाकारलेला ग्वायर यांचा अर्थ अशा रीतीने वीस वर्षांनी पुन्हा प्रतिष्ठित झाला. त्याच सुमारास पुण्याच्या सकाळ वृत्तपत्राने किंमत व पृष्ठसंख्या यांच्या नियंत्रणाविरुद्ध दाखल केलेल्या अर्जावर निर्णय देताना न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले : अनुच्छेद १९(२) मध्ये नमूद केलेल्या कारणांखेरीज अन्य कोणत्याही, अगदी लोकहिताच्याही, कारणासाठी या स्वातंत्र्याचा संकोच करता येणार नाही. हा निर्णय लिहिणारे न्या. ज. रा. मुधोळकर हेच पुढे, १९६६ मध्ये, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले.

आणीबाणी (१९७५–७७) : चीनच्या आक्रमणानंतर ऑक्टोबर १९६२ मध्ये व पाकिस्तानशी युद्ध सुरू होताच डिसेंबर १९७१ मध्ये आणीबाणी पुकारण्यात आली होती. १९७१ ची आणीबाणी युद्ध संपल्यावरही उठविण्यात आली नव्हती. तिच्या जोडीला २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणाने दुसरी आणीबाणी जाहीर झाली. त्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांचा वीजपुरवठा तोडण्यात आला आणि दुसऱ्या दिवशी भारताचे संरक्षण व अंतर्गत सुरक्षितता नियमांतील नियम ४८ अन्वये मुद्रणपूर्व तपासणीचा हुकूम निघाला. स्वतंत्र भारतात सर्व वृत्तपत्रांवर सरसकट लादलेली अशी तपासणी ही पहिलीच. इंडियन एक्सप्रेसने २८ जूनच्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी ठेवली. पुढे कोऱ्या जागा सोडण्यासही मनाई झाली. डिसेंबर १९७५ मध्ये आक्षेपार्ह मजकुराच्या प्रसिद्धीस प्रतिबंध करणारा वटहुकूम निघाला, वृत्तपत्र परिषद बरखास्त करण्यात आली आणि संसदेच्या कामकाजाचे वृत्त देणाऱ्यांना संरक्षण देणारा १९५६ चा कायदाही रद्द झाला. १९७६ च्या आरंभी चार वृत्तसंस्था विलीन करून ‘समाचार’ ही एकच संस्था बनविण्यात आली.

या काळात बहुसंख्य मोठी दैनिके नमली, हे कटू असले तरी सत्य आहे. प्रतिकार झाला तो मुख्यतः अल्प खपाच्या नियतकालिकांकडून. मुंबईच्या फ्रीडम फर्स्ट या मासिकाचे संपादक मिनू मसानी यांनी, अभ्यवेक्षकाने नाकारलेल्या मजकुराबाबत मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. अभ्यवेक्षक विनोद राव यांच्या अपिलावर न्या. दि. प. मादन व न्या. म. ही. कनिया यांनी १० फेब्रुवारी १९७६ रोजी दिलेला निर्णय या विषयावरील भारतीय न्यायशास्त्रात मानाचे स्थान मिळवून आहे. आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित असले, तरी अभ्यवेक्षक हा कायद्याने दिलेल्या अधिकाराच्या आतच राहिला पाहिजे. सरकारी धोरणाशी मतभेद किंवा कडक शब्दांतील टीका म्हणजे सुरक्षिततेला धोका नव्हे. सर्वांनी एकाच सुरात बोलावे, हे पाहण्यासाठी त्याची नेमणूक झालेली नाही, असे न्यायालयाने बजावले. नाकारलेल्या लेखांचा न्यायाधीशांनी एकेक करून विचार केला. गुजरातमध्ये भूमिपुत्र या सर्वोदयी पत्राने नागरी स्वातंत्र्य परिषदेचा वृत्तांत छापल्याबद्दल झालेली कारवाई तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली. पुण्यात साने गुरुजींनी स्थापन केलेल्या साधना साप्ताहिकालाही सरकारी कारवाईस तोंड द्यावे लागले. कराड येथे डिसेंबर १९७५ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा उघड कैवार घेतला आणि त्यांना पुढे अटक झाली.

आणीबाणी उठल्यावर नेमलेल्या शाह आयोगाने तपासणी यंत्रणेचे जे वास्तव उघड केले, ते उद्‌बोधक आहे. अनेक हुकूम तोंडी, दूरध्वनीवरून दिले गेले. न्यायालयीन निर्णय व संसदेतील भाषणे यांच्या बातम्याही अडविण्यात आल्या. वृत्तपत्रांची अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशी वर्गवारी करून सरकारी जाहिराती वाटण्यात आल्या. देशाच्या संरक्षणाशी यांपैकी कशाचाही संबंध जोडणे अवघड आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ या मोघम शब्दांऐवजी ‘सशस्त्र उठाव’ असे शब्द घातले. युद्ध वा परचक्र या कारणांनी पुकारलेल्या आणीबाणीतच अनुच्छेद १९ चे हक्क आपोआप स्थगित होतील, अशी मर्यादा घालण्यात आली आणि संसदीय वृत्तांताच्या प्रसिद्धीला अनुच्छेद ३६१-अ द्वारे थेट संविधानाचे संरक्षण मिळाले.

शासकीय गुप्तता : मजकूर अडविणे हा निर्बंधाचा एक प्रकार, माहितीच बाहेर पडू न देणे हा दुसरा व अधिक टिकाऊ प्रकार होय. भारतात यासाठी पहिला कायदा १८८९ मध्ये झाला, लॉर्ड कर्झनच्या काळात १९०४ मध्ये तो कडक करण्यात आला आणि १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने त्याला आजचे रूप मिळाले. त्यातील कलम ३ हेरगिरीविषयी आहे. तर कलम ५ अनधिकृतपणे दिलेल्या व घेतलेल्या सरकारी माहितीविषयी आहे. गुपित म्हणजे काय, याची व्याख्या अधिनियमात नाही. ज्या कागदावर कार्यालयाने गुप्ततेचा शिक्का मारला तो गुप्त, असा व्यवहारातील अर्थ झाला आहे. २००२ मध्ये दिल्लीत पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना या अधिनियमाखाली अटक झाली. त्यांच्याजवळ सापडलेली माहिती आधीच प्रकाशित व सर्वांस उपलब्ध असल्याचे अखेर मान्य होऊन जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेण्यात आला. तोवर त्यांचे सात महिने तुरुंगात गेले होते.

गुप्ततेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणारा हेंडरसन ब्रुक्स व भगत यांचा १९६३ चा लष्करी अहवाल. सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. त्यातील माहितीचे लष्करी महत्त्व टिकून आहे, असे उत्तर संरक्षणमंत्र्यांनी २०१० मध्येही संसदेत दिले. नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याच्या आधारे १९७० मध्येच पुस्तक लिहिले होते व २०१४ मध्ये अहवालाचा मोठा भाग महाजालावर खुला केला. परिणामी त्या युद्धाविषयीची चर्चा दीर्घकाळ एका परदेशी लेखकाच्या मांडणीभोवती फिरत राहिली. भारतीय अभ्यासकाला तिचा प्रतिवाद मूळ कागदपत्रांनिशी करता आला नाही. अमेरिकेत व्हिएटनाम युद्धविषयक गुप्त कागदपत्रे न्यूयॉर्क टाइम्सने जून १९७१ मध्ये छापण्यास आरंभ केला, तेव्हा सरकारची मनाईची मागणी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पंधरवड्याच्या आत फेटाळली होती. राफेल विमानखरेदीविषयी हिंदू या दैनिकाने २०१९ मध्ये छापलेली संरक्षण मंत्रालयाची टिपणे विचारात घेऊ नयेत, हा सरकारचा आक्षेप भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी अमान्य करताना याच अमेरिकी निर्णयाचा आधार घेतला. २००५ च्या माहितीचा अधिकार अधिनियमातील कलम ८(२) नुसार लोकहित अधिक वजनदार असल्यास १९२३ च्या अधिनियमाचा अडसर न मानता माहिती देता येते. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये तो जुना अधिनियम रद्द करण्याचीच शिफारस केली. ती अमलात आलेली नाही.

वृत्तपत्रांनी सुरक्षिततेची दखल न घेतल्यास काय होते, याचे उत्तर मुंबईत मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दूरचित्रवाणी वाहिन्यांनी सुरक्षा दलांच्या हालचाली थेट दाखविल्या आणि सीमेपलीकडील सूत्रधार त्या पाहून हल्लेखोरांना दूरध्वनीवरून सूचना देत होते, हे पकडलेल्या संभाषणांवरून उघड झाले. कसाब खटल्याच्या निर्णयात (२९ ऑगस्ट २०१२) सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले व अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे अशा प्रक्षेपणाचे समर्थन होऊ शकत नाही, असे म्हटले. मार्च २०१५ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन, दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणास मनाई झाली. कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच प्रसृत करता येते. हा निर्बंध नेमका आहे, त्याला काळाची मर्यादा आहे आणि त्यामागील धोका पुराव्याने दिसलेला आहे. १७९९ पासूनच्या फारच थोड्या निर्बंधांबाबत या तिन्ही गोष्टी सांगता येतील.

अलीकडच्या काळात वादाचे स्वरूप काहीसे बदलले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू व काश्मीरमध्ये दळणवळण बंद झाल्यावर काश्मीर टाइम्सच्या अनुराधा भसीन यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निर्णय दिला. इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही आणि निर्बंधाचे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे त्यात सांगितले गेले. हुकुमाची प्रतच न मिळाल्यास नागरिक दाद कशाविरुद्ध मागणार, हा त्यामागील विचार होता. राजद्रोहाच्या कलमाखालील कारवाई न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगित केली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही, परंतु कलम १५२ मध्ये देशाची सार्वभौमता, एकता व एकात्मता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली आहे.

मल्याळम् भाषेतील मीडियावन या वाहिनीला गृहमंत्रालयाने सुरक्षिततेच्या कारणावरून संमती नाकारल्यामुळे तिचा परवाना २०२२ च्या आरंभी संपुष्टात आला. नकाराची कारणे वाहिनीला कळविण्यात आली नाहीत. ती मोहोरबंद पाकिटातून केवळ न्यायाधीशांना दाखविण्यात आली आणि केरळ उच्च न्यायालयाने तेवढ्यावर वाहिनीचा अर्ज फेटाळला. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरविला. राष्ट्रीय सुरक्षिततेचा केवळ उच्चार करून सरकारला न्याय्य कार्यपद्धती टाळता येत नाही, गुप्तता आवश्यक असल्यास ती का व किती आवश्यक आहे हे दाखवावे लागते आणि सरकारी धोरणांवरील टीका हे परवाना नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सरन्यायाधीश ध. य. चंद्रचूड व न्या. हिमा कोहली यांच्या पीठाने ठरविले. वाहिनीचा परवाना चार आठवड्यांत नूतनीकृत करण्याचा आदेश माहिती व नभोवाणी मंत्रालयास देण्यात आला.